चव्हाटा नको, फळा हवा

"ताई, मी भांडुपला राहतो, डोंगराच्या कडेच्या बैठ्या चाळीत. वय २९. चाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू केला. तेव्हा कोणाच्या बीपीच्या गोळ्या, कोणाचं दूध, कोणाचा सिलेंडर, सगळं त्यावरून व्हायचं. मग हळूहळू ग्रुप शुभ सकाळवर आला. यंदा पावसात चाळीत डेंग्यूचे चार पेशंट निघाले. त्यातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीचा रिपोर्ट कुणीतरी ग्रुपवर टाकला, नाव आणि खोली नंबरासकट. दुसऱ्या दिवसापासून बायका मुलांना तिच्या घरी पाठवेनात. नळावर तिच्या आईला म्हणाल्या, 'तुम्ही शेवटी भरा.' मी तो मेसेज काढून टाकला, तर 'पेशंट लपवतोस का' म्हणून मलाच बोलले. त्याच मुलीसाठी मी प्लेटलेट्सचं आवाहन टाकलं होतं, तिच्या बाबांचा नंबर देऊन. गरज एका दिवसात भागली, पण त्यांना पाच दिवस फोन येत राहिले, रात्री दोनलासुद्धा. शिवाय एक काका रोज पपईच्या पानांच्या रसाचे आणि 'हॉस्पिटलात नेऊ नका' असे मेसेज टाकतात. ते माझ्या वडिलांचे मित्र, त्यांना मी काय बोलणार? ग्रुप बंदच करावा असं वाटतं. की फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून ठेवू?"
— एक अ‍ॅडमिन, भांडुप

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा 'तुम्ही शेवटी भरा' या शब्दांपाशी अडले. घरात पोरगी तापाने फणफणलेली, तिला एकटीला ठेवून ती बाई हंडा घेऊन नळावर आली असणार, आणि तिला सांगितलं गेलं की मागे उभी राहा. ग्रुपचं काय करायचं ते नंतर बघू. आधी हे. (तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते.)

डेंग्यू नळावर लागत नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून, मुलांनी एकत्र खेळूनही लागत नाही. तो एडिस डासाच्या चाव्यातून येतो. तापाच्या दिवसांत आजारी माणसाला चावलेला डास विषाणू उचलतो आणि मग काही दिवसांनी दुसऱ्याला चावताना देतो. हा डास दिवसा चावतो आणि घाण गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालायला त्याला आवडतं. म्हणजे त्या आईला रांगेत मागे सारून चाळीने एकाही पोराला वाचवलं नाही. वाचवायचंच होतं तर त्या मुलीला ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपवायला हवं होतं आणि आख्ख्या ओळीतली पिंपं तपासायला हवी होती.

त्यासाठी चाळीला एवढंच कळणं पुरेसं होतं की 'आपल्या ओळीत डेंग्यू आहे.' कोणाला आहे, खोली कितवी, प्लेटलेट्स किती, यातलं काहीच शेजाऱ्यांच्या कामाचं नव्हतं. नाव लागतं ते महापालिकेच्या आरोग्य खात्याला, आणि ते रुग्णालयाकडून तिथे जातं. फवारणीवाले आले की त्यांना घर दाखवायचं. 'लपवतोस का' असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर दे, शांतपणे, चढ्या आवाजात नाही. त्यांना राग आला नव्हता, भीती वाटली होती. घरात लहान मूल असलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला करायला काहीतरी लागतं. पिंप घासायचं हे कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी रांग बदलली.

तुला दोष द्यायच्या आधी माझी एक गोष्ट सांगते. २०२० च्या मे महिन्यात मी परळला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं: 'बी विंग, तिसरा मजला, पॉझिटिव्ह आहेत, सर्वांनी काळजी घ्यावी.' हेतू काळजीचाच होता. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला त्या मजल्यावर जाईना, पेपर खाली फेकला जाऊ लागला, कचरा दाराशी साचला. ते कुटुंब बरं झालं, पण त्या घरातली सून त्यानंतर कधी माझ्याशी धड बोलली नाही. मी जाऊन माफी मागितली. तिने चहा दिला, बाकी काही नाही. आणि महिनाभराने त्याच विंगमध्ये वरच्या मजल्यावर आजोबांना ताप आला, तेव्हा त्या घराने चार दिवस कोणाला सांगितलं नाही. श्वास लागायला लागला तेव्हा रुग्णवाहिका आली. आजोबा वाचले. त्यांनी का लपवलं, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

मुंबईला हे नवीन नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. त्यानंतर सरकारने घरं शोधायला आणि माणसं उचलून रुग्णालयात न्यायला सुरुवात केली, तसे लोक घरातले रुग्ण लपवू लागले. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशा वावड्या गिरणगावात उठल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. तेच आजचं चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण त्याच आवारात ठेवले होते. प्लेगच्या वेळी मोबाइल नव्हते, तरी वावडी एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत एका पाळीत पोचायची. ज्याला आपलं नाव चारचौघांत जाईल अशी धास्ती वाटते तो आजार दाबतो, आणि साथीच्या दिवसांत दाबलेला ताप सगळ्यांनाच महाग पडतो.

आता ग्रुपचं. बंद करू नकोस. १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले, ते गावाकडे गाड्या सुटणार आहेत असं कानावर आलं म्हणून. ते मूर्ख नव्हते. पगार थांबलेला, खोलीत दहा माणसं, आणि 'खरं काय' हे विश्वासाने विचारता येईल असं ओळखीचं कोणी नाही. खरं सांगणारी जागा बंद झाली की लोक ऐकायचे थांबत नाहीत, दुसरीकडे ऐकतात. तुझा ग्रुप नसेल तर काकांचा असेल.

आणि फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, हेही सरसकट करू नकोस. रात्री एक वाजता एखाद्या घरात कोणाला फिट आली तर त्या घराला लिहिता आलं पाहिजे.

माझं लहानपण गिरणगावात गेलं. चाळीच्या तोंडाशी, मंडळाच्या खोलीबाहेर, एक काळा फळा असायचा. वर तारीख. खाली खडूने: 'आज पाणी पहाटे ५ ते ५.४०.' 'अमुक यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन, अंत्ययात्रा ४ वाजता.' 'ओ निगेटिव्ह रक्त हवे, केईएम, भेटा: सचिव.' लिहिणारा हात ओळखीचा असायचा. चुकीचं लिहिलं तर संध्याकाळी त्याला पायरीवर गाठून विचारता यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसला जायचा, कारण काल हवं असलेलं रक्त आज नको असायचं. कोणाच्या घरात काय आजार आहे हे बहुतेकांना माहीत असायचं, पण ते फळ्यावर कधी आलं नाही. खडू ज्याच्याकडे तो विचार करून लिहायचा.

तुझा ग्रुप फळ्याचा चव्हाटा झाला आहे. कोणीही लिहितो, तारीख नाही, सही नाही, पुसणारा कोणी नाही. म्हणून मी म्हणते, दोन ग्रुप कर. जुना राहू दे, शुभ सकाळ आणि वाढदिवसांसकट. त्याचीही माणसांना गरज असते. दुसरा फळा म्हणून कर. त्यात चाळीतलं प्रत्येक घर असेल, पण लिहितील फक्त चारजण. चौघांपैकी दोन बायका हव्यातच, कारण नळावर काय चाललंय ते त्यांना आधी कळतं. एखादी औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात काम करणारी असेल तर फारच बरं. फळ्यावर जे येईल त्यात तारीख, वेळ, आणि ते कोणी स्वतः विचारून खात्री केली त्याचं नाव. एवढं नसेल तर लिहायचं नाही, मेसेज कितीही महत्त्वाचा वाटला तरी.

आवाहनांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे तुझी चूक झाली आणि तशीच चूक मी भल्याभल्यांना करताना पाहिली आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत मी घरात बसून फोन लावायची. ऑक्सिजन, बेड, रेमडेसिव्हिर. यादीवर यादी येत होती आणि प्रत्येक यादी दुसऱ्या कोणत्यातरी यादीतून उतरवलेली. बहुतेक नंबर बंद, व्यग्र, किंवा 'मॅडम, कालच संपलं' म्हणणारे. काही जण आगाऊ पैसे मागणारे चोर. त्या गोंधळात उपयोगी पडली ती माझी शंभर पानी वही. समोर नंबर, वेळ आणि तो माणूस नेमकं काय म्हणाला ते. '११.२० सकाळ, दोन सिलेंडर, स्वतः घेऊन जावे लागेल.' दुपारी चारला तीच नोंद खोडायची. बेडचं काम मुंबईत महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डातल्या वॉर रूममधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, होत होतं, म्हणून अर्ध्या लोकांना मी नंबर देण्याऐवजी तिथे फोन लावून द्यायची. महापालिकेची १९१६ ही हेल्पलाइन तेव्हाही होती, आजही आहे. ती फळ्यावर कायमची लिहून ठेव.

त्याच महिन्यात, ३० एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ऑक्सिजन, बेड यासाठी सोशल मीडियावर तक्रार किंवा मदतीची हाक देणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये. चाळीत कोणी 'असलं लिहिलं तर पोलीस येतील' म्हणून घाबरलं तर हे सांग. मदत मागणाऱ्याने खाली मान घालायचं कारण नाही.

पण हाक कशी द्यायची याला रीत आहे. आजाऱ्याच्या घरातल्या माणसाचा नंबर कधीच द्यायचा नाही. त्याचं लक्ष आयसीयूच्या दाराकडे असतं. तुमच्या चौघांपैकी एकाचा नंबर द्या आणि त्या दिवशी त्याने दुसरं काही करायचं नाही. मुलींचे नंबर उघड्यावर टाकू नका. रक्तासाठी टाकलेल्या नंबरवर नंतर कसले कसले फोन येतात ते मी ऐकलं आहे. मेसेजमध्येच लिहा: 'हे आवाहन आज रात्री ९ पर्यंतच.' तू नंतर डिलीट केलंस तरी तो तोवर ठाणे-कल्याणपर्यंत गेलेला असतो, पण मुदत त्याच्या पोटातच लिहिलेली असेल तर पाचव्या दिवशी वाचणाराही फोन करणार नाही. आणि गरज भागली की तितक्याच ठळकपणे 'मिळाले, आभार' लिहायचं. हे लोक विसरतात. धावून आलेल्या माणसाला पुढे काय झालं ते कळलं नाही तर तो पुढच्या वेळी सावकाश उठतो.

प्लेटलेट्ससाठी आणखी एक. आवाहन टाकण्याआधी वॉर्डमधल्या डॉक्टरांना विचारा की खरंच लागणार आहेत का आणि कोणत्या. डेंग्यूत प्लेटलेट्स खाली येतात आणि बहुतेकांच्या आपोआप वर जातात. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवत नाहीत. निर्णय अर्थात डॉक्टरांचा. पण रिपोर्टवर साठ हजारांचा आकडा दिसला की घरातले हादरतात आणि ग्रुपवर धावाधाव सुरू होते. पिशवीतल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, रक्तासारख्या महिनाभर नाही, म्हणून नुसते चाळीस दाते गोळा करून रक्तपेढीत पाठवण्यात अर्थ नसतो. यंत्रावर एकाच दात्याकडून घ्यायच्या असतील तर त्याला तास-दीड तास बसावं लागतं. त्याने जेवून जावं, आणि आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. हे आवाहनातच लिहिलंत तर नोकरीवरून अर्धी रजा टाकून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येणार नाही. चाळीतल्या तरुणांचे रक्तगट एका वहीत आताच लिहून ठेवा, साथ ओसरलेली असताना. करोनाच्या वर्षी लालबागच्या मोठ्या मंडळाने गणपतीच न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान केलं, ते जमलं कारण मंडळाकडे माणसांची यादी आणि शिस्त आधीपासून होती. तुमच्याकडेही मंडळ असेलच.

आता काका. ग्रुपवर त्यांना खोडून काढू नकोस. वडीलधाऱ्या माणसाला दीडशे घरांसमोर चुकीचं ठरवलं की तो आपलं म्हणणं आणखी घट्ट धरतो, आणि तुझ्या वडिलांना मान खाली घालावी लागते. संध्याकाळी त्यांच्या घरी जा. चहा घे. रसाबद्दल फार वाद घालू नकोस. त्याने डेंग्यू बरा होतो असा भक्कम पुरावा नाही, एवढं सांग आणि पुढे चल. खरा धोका त्यांच्या दुसऱ्या वाक्यात आहे, 'हॉस्पिटलात नेऊ नका' यात. डेंग्यूत फसवणारी वेळ ताप उतरतो तेव्हाची असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात, बरं वाटतंय. आणि नेमकं त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, पोर गुंगीत, असं काही दिसलं तर एक तासही न घालवता रुग्णालय गाठायचं. तापाला पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, त्या नकोत. हे काकांना तोंडी सांग आणि मग म्हण, "काका, हे तुम्हीच सगळ्यांना सांगा. तुमचं ऐकतात." खोटं नाही म्हणत मी, त्यांचं ऐकतातच. दिवसभर घरी असलेला, सगळ्यांना ओळखणारा, लोकांच्या तब्येतीची मनापासून काळजी असलेला माणूस तुला फुकट मिळाला आहे. त्यांना ताप आलेल्या घरांची रोज विचारपूस करायचं काम दे. दाराशी जाऊन, किंवा फोनवर. ऐकलं नाहीच, तर 'रुग्णालयात नेऊ नका' हा मेसेज तू प्रत्येक वेळी काढून टाकायचास, आणि काढल्यावर त्यांना स्वतः फोन करून सांगायचं. तिथे भीड नको. पोराच्या जिवाशी गाठ आहे.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. ग्रुपवर कोण नाही? शेवटच्या खोलीतली एकटी आजी, जिच्याकडे साधा फोन आहे. ज्या घरातला एकमेव स्मार्टफोन नवरा कामाला घेऊन जातो ते घर. भाड्याने राहणारी, मराठी न वाचणारी मुलं, ज्यांना मालकाने कधी ग्रुपमध्ये घातलंच नाही. डास त्यांच्या पिंपातही अंडी घालतो. लॉकडाऊनमध्ये तुमचा ग्रुप चालला याचं कारण फोन नव्हता. तुम्ही सात-आठ पोरं मेसेज वाचून चपला घालत होता. म्हणून प्रत्येक ओळीला एक माणूस नेम, ज्याने फळ्यावरचा निरोप त्या ओळीतल्या फोन नसलेल्या दारांवर जाऊन सांगायचा. हिंदीत सांगावा लागला तर हिंदीत.

आणि पिंपं. एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं साठवणीचं पाणी काढून भांडी आतून घासायची. नुसती ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. पण डोंगरावरच्या चाळीत, जिथे पाण्याचा भरवसा नाही, तिथे कुठली बाई भरलेलं पिंप ओतून देईल? तिला आळशी म्हणू नकोस. तिला आदल्या रात्री कळू दे की उद्या पाणी नक्की येणार आहे आणि किती वाजता. रविवारी पाणी यायच्या तासभर आधी सगळी चाळ एकदम पिंपं घासेल, आणि उरलेले सहा दिवस पिंपांच्या तोंडाला जुनी साडी घट्ट बांधेल. फळ्यावरचा सगळ्यात कामाचा मेसेज हाच. रस्त्यावर पाणी तुंबलं तर त्याच फळ्यावर आणखी एक ओळ येऊ दे: साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी, पायाला जखम असेल तर आवर्जून, ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, गोळ्या विचाराव्यात. गरोदर बाई आणि लहान मुलं यांचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टर ठरवतील.

हे सगळं करायच्या आधी, आज संध्याकाळीच, त्या मुलीच्या घरी जा. तिच्या वडिलांचा नंबर टाकल्याबद्दल आणि रिपोर्ट तुझ्या ग्रुपवर फिरल्याबद्दल त्यांची माफी माग, कारण टाकला दुसऱ्याने असला तरी ग्रुप तुझा आहे. त्यांनी काही बोललं तर ऐकून घे. मग उद्या सकाळी नळाच्या वेळेला तुझ्या आईला सोबत घेऊन जा, आणि तिला त्या मुलीच्या आईच्या शेजारी उभं राहू दे, गप्पा मारत. काही समजवायला लागणार नाही.

पोरगी शाळेत जायला लागली की मला कळव. तिच्या बाबांना विचारून.